एरर आला? मग आधी तो वाचायला शिकवू या



संगणकाच्या प्रॅक्टिकलला सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य कोणतं, असं विचारलं तर आपल्यापैकी बहुतेकांचं उत्तर एकच असेल : "सर, एरर आला!" बहुतेक वेळा मुलाने पडद्यावरचा मजकूर वाचलेलाच नसतो. काहीतरी चुकलंय एवढं दिसलं की हात वर. आपल्यामागे अख्खा वर्ग ताटकळत असतो, म्हणून आपणही जातो, राहिलेला सेमीकोलन टाकतो आणि पुढच्या मशीनकडे वळतो. प्रोग्राम चालतो. मूल खूश, आपण मोकळे. पण या सगळ्यात शिकलं कोण?

माझं स्पष्ट मत आहे की एरर आणि वॉर्निंग वाचणं हा प्रोग्रामिंगचा स्वतंत्र धडा आहे. तो इतर धड्यांइतक्याच गांभीर्याने शिकवला पाहिजे.

आधी हा संदेश येतो कुठून ते पाहू. सी भाषेतला प्रोग्राम कंपायलर वरून खाली वाचतो. आधी शब्द ओळखतो, मग वाक्यरचना तपासतो, मग अर्थ लागतो का ते पाहतो. भाषांतर पुढे जाऊच शकत नसेल तर तो एरर देतो आणि प्रोग्राम तयार होत नाही. भाषांतर जमलं, पण काहीतरी खटकलं, तर वॉर्निंग देतो. इथे प्रोग्राम तयार होतो, चालतोही. कंपायलरनंतर लिंकर नावाचा दुसरा कारागीर सगळे तुकडे जोडतो. ‘मेन’ या नावातली अक्षरं उलटसुलट झाली तर कंपायलर काहीच बोलत नाही, तक्रार लिंकर करतो. त्या तक्रारीत मुलाच्या प्रोग्रामचा ओळ क्रमांक नसतो. मूल ओळ शोधत बसतं आणि ती सापडत नाही. म्हणून पहिला प्रश्न हाच हवा : बोलतंय कोण?

आता संदेशाची रचना बघा. जीसीसीसारख्या कंपायलरच्या संदेशात साधारण पाच गोष्टी असतात : फाइलचं नाव, ओळ क्रमांक, त्या ओळीतली जागा, एरर आहे की वॉर्निंग, आणि शेवटी कारण. इंग्रजीची अडचण येते ती फक्त शेवटच्या भागात. आणि तिथेही तेच तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात. ‘एक्स्पेक्टेड’ म्हणजे इथे अमुक चिन्ह अपेक्षित होतं. ‘अनडिक्लेअर्ड’ म्हणजे या नावाची ओळख आधी करून दिलेली नाही. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ म्हणजे नाव आहे, पण त्याचं काम कुठे लिहिलंय ते सापडत नाही. ‘अनयूज्ड’ म्हणजे तयार केलं, पण वापरलं नाही. अशा पंधरा-वीस शब्दांचा मराठी अर्थांसह तक्ता लॅबच्या भिंतीवर लावा. मराठी माध्यमाच्या मुलाला वाटणारी निम्मी भीती तिथेच कमी होईल.

दोन सवयी मात्र मुद्दाम लावाव्या लागतात. एक, ओळ क्रमांक चूक लक्षात आल्याची जागा सांगतो. ती चूक झाल्याची जागा असेलच असं नाही. सातव्या ओळीचा सेमीकोलन राहिला तर अनेक कंपायलर आठव्या ओळीकडे बोट दाखवतात. पूर्णविराम नसलेलं वाक्य आपल्यालाही पुढचं वाक्य सुरू झाल्यावरच खटकतं, तसंच हे. म्हणून एक ओळ वरही बघायचं. दुसरी सवय, सगळ्यात पहिला एरर आधी दुरुस्त करायचा आणि पुन्हा कंपाइल करायचं. एक कंस राहिला तर डझनभर एरर येऊ शकतात, आणि तो एक कंस घातला की बहुतेक सगळे गायब होतात. शेवटच्या एररपासून सुरुवात करणारं मूल बरोबर असलेला भागही बिघडवून ठेवतं.

आता वॉर्निंगबद्दल. "वॉर्निंगच आहे ना, सोडून दे, चालतंय ना!" हे वाक्य लॅबमध्ये सर्रास ऐकू येतं. समजा, १०० गुण असतील तर ‘पैकीच्या पैकी’ छापायचं आहे. मुलाने अटीत दोन ‘बरोबर’ चिन्हांऐवजी एकच दिलं. आता ती तुलना राहिली नाही. गुणांमध्ये १०० भरले गेले आणि अट कायम खरी ठरली. अख्खा वर्ग पैकीच्या पैकी! सी भाषेत हा एरर नाही. जीसीसी वॉर्निंग देतो, पण मागितली तर. त्यासाठी कमांडमध्ये डॅश, कॅपिटल डब्ल्यू आणि पुढे ‘ऑल’ असं लिहावं लागतं.

हा फक्त शाळेतला खेळ नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलच्या आयफोन आणि मॅकमधला एक गंभीर दोष उघड झाला. सुरक्षित जोडणीच्या तपासणीत ‘गोटू फेल’ ही ओळ चुकून दोनदा लिहिली गेली होती. त्यामुळे त्यापुढची सही पडताळणारी तपासणी कधी चालतच नव्हती. ज्या ओळींपर्यंत प्रोग्राम पोहोचूच शकत नाही त्या दाखवणारी वॉर्निंग क्लँग कंपायलरमध्ये होती, पण ती ‘ऑल’मध्येही येत नाही, वेगळी मागावी लागते. २०१६ च्या जीसीसी ६ मध्ये फसव्या मांडणीची वॉर्निंग ‘ऑल’मध्ये आली.

कोणी म्हणेल, आता मोबाईलवर एरर टाकला की तयार दुरुस्ती मिळते, मग एवढा खटाटोप कशाला? दुरुस्ती करून देणारं यंत्र ही कल्पना तशी जुनीच. १९७० च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठात पीएल/सी नावाचा कंपायलर चुका स्वतःच अंदाजाने दुरुस्त करून प्रोग्राम पुढे चालवत असे. तेव्हा कार्डांचा गठ्ठा देऊन निकालाची वाट बघावी लागे, म्हणून ती सोय होती. आज निकाल क्षणात मिळतो. शिवाय मुलाच्या मनात काय होतं हे अंदाज करणाऱ्याला माहीत नसतं. आयती दुरुस्ती बरोबर आहे की नाही, हे ठरवायलाही संदेश वाचता आला पाहिजेच.

आणि एक मर्यादाही मुलांना सांगा. पूर्णांकांत ७ भागिले २ केलं तर सी भाषा ३ उत्तर देते, तेही वॉर्निंग न देता. कंपायलर गप्प आहे म्हणजे उत्तर बरोबर आहे, असं नाही. हातानं सोडवून पडताळणं चुकत नाही.

पालकांना कोडिंग येण्याची गरज नाही. मूल अडलं तर तीनच प्रश्न विचारा : पहिला संदेश कोणता? एरर की वॉर्निंग? कोणती ओळ? आणि शिक्षक मित्रहो, पुढच्या प्रॅक्टिकलला मुद्दाम पाच चुका असलेला प्रोग्राम द्या. दुरुस्तीला एक गुण ठेवा आणि संदेशाचा अर्थ स्वतःच्या मराठीत लिहिण्याला दोन. सुरुवातीला तास लांबेल, गडबडही होईल. पण महिन्याभराने किती हात वर येतात ते मोजा, आणि अनुभव आम्हाला जरूर कळवा.