'नको' ऐकायची नोकरी

एक जॉब ऑफर आहे, बघा जमतंय का. वय १८-१९. पोस्टिंग जगात कुठेही, चॉइस नाही. भाषा येत नसली तरी टेन्शन नाही, दोन-अडीच महिन्यांत शिकवतात. सकाळी साडेसहाला उठायचं, रात्री साडेदहाला दिवे बंद. सिनेमा नाही, डेटिंग नाही, चहा-कॉफीसुद्धा नाही. दोन वर्षांत घरी जायला रजा शून्य. आणि पॅकेज? उलट महिन्याला ४०० डॉलर तुम्हीच भरायचे.

हसू नका. अमेरिकेत, त्यातही युटा राज्यात, हजारो पोरं-पोरी हा जॉब हौसेने घेतात. त्यांना मॉर्मन मिशनरी म्हणतात. (१८३० साली सुरू झालेल्या त्यांच्या चर्चने २०१८पासून 'मॉर्मन' हे टोपणनाव टाळा, पूर्ण नाव घ्या, असं सांगितलंय. पण 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' दर वाक्यात लिहिलं तर माझा कॉलम तिथेच संपेल.) ४०० डॉलर हा २०१७ सालचा रेट, २०२०पासून ५०० झाला.

२०१७मध्ये मी तैवानला, सिंचू शहरात प्रोजेक्टवर होते. चिप बनवणाऱ्या कंपन्यांचं गाव. आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर असे दोघं राहायचे. एक सहा फुटी, दुसरा चष्मिश. जुलैच्या मरणाच्या उकाड्यात पांढरा शर्ट, टाय, खिशावर काळी नावाची पट्टी आणि डोक्यावर सायकलचं हेल्मेट. एकमेकांना 'एल्डर' म्हणायचे, म्हणजे वडीलधारी माणूस. चष्मिशला मिशी फुटली नव्हती, तरी एल्डर! पहिल्या नावाने हाक मारायची पद्धतच नाही.

माझ्या घरात मात्र दोघं कधीच आले नाहीत. एकट्या मुलीच्या घरात शिरायचं नाही, असा नियम. एकदा गीझर बिघडला. मेकॅनिक चिनीत बोलतोय आणि माझी चिनी बोट दाखवून 'हे, हे' म्हणण्यापुरती. जिन्यातून जाणाऱ्या सहा फुटीने उंबऱ्याबाहेर उभं राहून सगळं भाषांतर केलं. वर मेकॅनिकच्या पोराचं शाळेचं वगैरे विचारून त्याला हसवलं. मी चाटच पडले. चिनीत 'मा'चा सूर जरा इकडेतिकडे झाला की आईचा घोडा होतो. ते हा पठ्ठ्या युटातल्या ट्रेनिंग सेंटरमध्ये नऊ आठवडे आणि बाकी रस्त्यावर शिकला. आणि आमच्या ऑफिसात? तीन वर्षं राहिलेली पब्लिक मेन्यूकार्डवरच्या फोटोंवर जगत होती.

थँक यू म्हणून चहा ऑफर केला. दोघंही लाजत 'नो, थँक यू'. चहाला नाही म्हणणारा पाहुणा आपल्याकडे म्हणजे रुसलेला पाहुणा! मग कळलं, धर्मातच मनाई आहे. बबल टीच्या देशात यांना चहा वर्ज्य, म्हणजे गणपतीत मोदकाला हात न लावता राहण्यासारखं. मग लिंबू सरबत केलं. ते जिन्यात बसून प्यायले.

तिथेच खरी गंमत कळली. दोघांनी कायम एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात राहायचं, बाथरूम सोडून. एकाला ताप आला की दुसराही घरात. जोडीदार वरून ठरतो. साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्यांचा निरोप येतो. नाव निघालं की दोन बॅगा उचलून दुसऱ्या गावी, नव्या जोडीदाराबरोबर. आपण रूममेटने ओला टॉवेल बेडवर टाकला तर महिनाभर धुसफुसतो.

आणि काम काय? 'नको' ऐकणं. सिग्नलला स्कूटरवाले थांबले की यांची सायकल शेजारी. लाल दिवा आहे तेवढ्यात ओळख, हवापाणी, फुकट इंग्लिश क्लासचं आमंत्रण आणि जमलं तर देव. हिरवा लागला की समोरचा 'बू-योंग, श्ये-श्ये' म्हणजे 'गरज नाही, धन्यवाद' म्हणून भुर्रकन गायब. दिवसभर हेच.

सरळ सांगते, दारात येऊन धर्म सांगणं हा प्रकार मला पटत नाही. मी पुण्याची. आमच्याकडे सेल्समनसाठी पाटी असते, देवाच्या सेल्समनसाठी वेगळी पाटी लावायला लागू नये. हे त्या दोघांनाही सांगितलं. सहा फुटी म्हणाला, "ओके. जिन्यातला बल्ब गेलाय, बदलू का?"

हा फंडा कॉर्पोरेटवाल्यांनी कधीच ओळखलाय. युटातल्या दारोदार विक्री करणाऱ्या कंपन्या परतलेल्या मिशनऱ्यांना आनंदाने घेतात. तुमच्या टीम लीडच्या टेबलावरचं '७ हॅबिट्स' लिहिणारे स्टीफन कोवी असेच इंग्लंडला होते. 'इनोव्हेटर्स डिलेमा'वाले क्लेटन ख्रिस्टेन्सेन कोरियात.

पण सगळेच कोवी होत नाहीत. पाचव्या महिन्यात चष्मिश दिसेनासा झाला. बदली झाली असेल असं वाटलं. नंतर कळलं, घरी गेला. त्याला झोप लागत नव्हती, आठवड्यांमागून आठवडे. "आता बरा असेल ना?" मी विचारलं. सहा फुटी बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तिथे रविवारी चर्चमध्ये सगळे विचारतील, इतक्या लवकर कसा आलास?" दोन वर्षं पूर्ण करून आलेल्याचं एअरपोर्टवर फुगे घेऊन स्वागत. मधेच आलेल्याच्या आईला मात्र शेजाऱ्यांना काय सांगायचं ते आधी ठरवावं लागतं. आपल्याकडे इंजिनीअरिंग सोडून आलेल्या मुलाचं होतं, तसंच.

त्या पाच महिन्यांत तो आईशी फोनवर कितीदा बोलला असेल? तेव्हाचा नियम: फोन वर्षातून दोनदा, ख्रिसमसला आणि मदर्स डेला. बाकी आठवड्यातून एकदा ई-मेल. फेब्रुवारी २०१९मध्ये हे बदललं, आता दर आठवड्याला घरी बोलता येतं. मला विचाराल तर खूप उशीर केला. १९ वर्षांच्या पोराला उपाशी ठेवणं आणि आईचा आवाज ऐकू न देणं यात मला फार फरक दिसत नाही.

सहा फुटीची दोन वर्षं संपत आली तेव्हा शर्ट पिवळे पडले होते आणि सायकल नव्या पोराच्या नावावर झाली होती. घरी पोचल्यावर तिथले चर्चचे प्रमुख रीतसर मोकळं करतात, मग पट्टी उतरते. "त्या रात्री पार्टी?" मी विचारलं.

"त्या रात्री खोलीत एकटा झोपणार," तो म्हणाला. "दोन वर्षांत पहिल्यांदा. तू तर इथे एकटीच राहतेस. किती दिवसांत सवय होते?"

म्हटलं, "मला नको विचारूस. मी रोज रात्री आईशी व्हॉट्सॲपवर तासभर बोलते."