मोडलेला कणा आणि समाजाचा हिशेब

परांचीवरून पडलेला गवंडी, नारळाच्या झाडावरून कोसळलेला पाडेकरी, विजेच्या खांबावरून खाली आलेला कंत्राटी कामगार आणि मोटारीची धडक बसलेला सायकलस्वार या चौघांच्या वाट्याला एकच दुर्दैव येऊ शकते. पाठीचा कणा मोडतो, त्याच्या आतील मज्जारज्जू दुखावतो आणि त्या जागेखालचे शरीर मेंदूच्या आज्ञेबाहेर जाते. इजा पाठीत असेल तर पाय जातात. मानेत असेल तर हातही जातात. मलमूत्रावरील ताबा आणि त्वचेची संवेदना बहुधा दोन्ही प्रकारांत हरपते. हे सारे क्षणार्धात घडते. पुढे वर्षे उरतात. ती किती उरतील आणि कशी जातील, हे मात्र केवळ अपघात ठरवीत नाही, समाजव्यवस्था ठरविते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दीड कोटीहून अधिक माणसे मज्जारज्जूच्या इजेसह जगत आहेत. बहुतेक इजांचे कारण पडणे, रस्त्यावरील अपघात किंवा हिंसा हे असते. स्त्रियांपेक्षा पुरुषांचे प्रमाण दुपटीहून कमी नाही, आणि त्यांत ऐन तारुण्यातील कमावते पुरुष मोठ्या संख्येने असतात. आपल्याकडील रुग्णालयांच्या नोंदींत उंचावरून पडणे हे कारण आघाडीवर दिसते. कठडा नसलेली गच्ची, कमरेला पट्टा न बांधता केलेले काम, उघडी विहीर यांना दैव म्हणण्याचे कारण नाही. तो वाचविलेल्या खर्चाचा परिणाम आहे.

या आकड्यांच्या वाचनात एक गफलत नेहमी होते. दरवर्षी किती जणांना इजा होते हा प्रवाह, आणि आज किती जण त्या इजेसह जगत आहेत हा साठा. साठा केवळ प्रवाहावर ठरत नाही. इजेनंतर माणूस किती वर्षे जगतो यावरही ठरतो. ज्या देशात असे रुग्ण लवकर मरतात, तेथे त्यांची संख्या कमी दिसणारच. म्हणून गावात चाकाच्या खुर्चीवरचा माणूस दिसत नाही, याचा अर्थ गावात कोणी पडले नाही असा होत नाही. पडलेला माणूस कदाचित जगला नाही, किंवा जगला तो घराबाहेर आला नाही.

असे मरण अटळ नाही, याचा पुरावा ऐंशी वर्षांपूर्वीचा आहे. पहिल्या महायुद्धात मज्जारज्जू दुखावलेले बहुसंख्य सैनिक थोड्याच काळात दगावले. त्यांचा जीव घेतला तो अंथरुणातील जखमांनी आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने. नाझी जर्मनीतून परागंदा झालेले डॉ. लुडविग गुटमान यांनी १९४४ साली इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे खास विभाग उघडला. दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलणे, मूत्राशयाची स्वच्छता, व्यायाम आणि कामाचे शिक्षण हीच त्यांची मुख्य साधने होती. १९४८ साली त्यांच्या १६ जखमी सैनिक स्त्री-पुरुषांनी धनुर्विद्येची स्पर्धा केली. आजच्या पॅरालिंपिकचे मूळ तेथे आहे.

भारतातही उदाहरणे आहेत. डॉ. मेरी व्हर्गीस १९५४ च्या मोटार अपघातात कमरेखाली लुळ्या झाल्या. पुढे त्यांनीच वेल्लोरला पुनर्वसनाचे कार्य उभे केले. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले. त्यांच्या जिद्दीला वंदन करावे, पण त्या जिद्दीमागे उपचार देणारी संस्था होती, हे विसरू नये. सैनिकाला जे न्याय्य रीतीने मिळते ते गवंड्याला का मिळू नये? देश दोघांच्याही पाठीवर उभा आहे.

गवंडी रुग्णालयातून घरी येतो तेव्हा घराला उंबरठा असतो, शौचालयाचे दार अरुंद असते आणि गादी हवेची नसते. कूस बदलण्याचे काम पत्नीवर पडते. म्हणजे दुसरी मजुरीही बुडते. कुटुंबाची मिळकत शून्यावर येते आणि खर्च मात्र दरमहा चालू राहतो. या श्रमाची नोंद कोणत्याही राष्ट्रीय उत्पन्नात होत नाही.

कायदा या दरमहाच्या गरजेला एकरकमी उत्तर देतो. १९२३ पासून चालत आलेली आणि आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतलेली तरतूद अशी, की पूर्ण कायम अपंगत्वाला मासिक वेतनाच्या ६० टक्क्यांना वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणून भरपाई द्यावी. ही रक्कम हातात येईपर्यंत सावकार दारात उभा असतो. याउलट कर्मचारी राज्य विमा योजनेत अशा कामगाराला वेतनाच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम दरमहा मिळते. म्हणजे वाट माहीत आहे; पण तिच्यावर पाऊल टाकण्यासाठी नाव नोंदवहीत असावे लागते. नाक्यावरचा मजूर आणि झाडावर चढणारा त्या वहीबाहेर राहतो. त्याच्यासाठी उरते ती अपंग निवृत्तिवेतनाची योजना. तिच्यातील केंद्राचा मासिक वाटा २०१२ साली ३०० रुपये झाला आणि एका तपाहून अधिक काळ तेथेच थांबला.

गरीब देशाला हे परवडत नाही, असे सांगितले जाते. परंतु कूस बदलण्याचे शिक्षण, स्वच्छ नळी, योग्य गादी आणि चाकाची खुर्ची यांना अणुभट्टीचा खर्च लागत नाही. बांधकामाच्या खर्चावर कामगार कल्याणासाठी एक टक्का उपकर १९९६ च्या कायद्याने बसविलेला आहे. अपंगाला दिव्यांग म्हटल्याने तहसील कचेरीच्या पायऱ्यांचा उतार होत नाही. त्यासाठी सिमेंट आणि इच्छाशक्ती लागते.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी पुनर्वसनाची खाट, असंघटित कामगारालाही दरमहा भरपाई, घरी सेवा करणाऱ्याला भत्ता, आणि सुरक्षा-साधनांविना काम करून घेणाऱ्या ठेकेदारावर खटला. आणि कार्यकर्त्यांनी शासनाच्या आधी एक काम हाती घ्यावे. आपल्या तालुक्यात गेल्या दहा वर्षांत कोण पडले, त्यांपैकी कोण जिवंत आहे आणि कोण कशाने मेले, याची यादी घरोघर जाऊन करावी. त्या यादीतील मृतांची नावे हाच व्यवस्थेवरील आरोपपत्राचा पहिला कागद ठरेल.