निळ्या बाटलीचा भाव

आमच्या औषधाच्या दुकानात हल्ली ‘ते निळं सीरम’ मागायला येणाऱ्यांत कॉलेजातली पोरंच जास्त. केस विरळ होतायत, मोबाइलवर कुणीतरी शपथेवर सांगितलंय आणि इवल्याशा बाटलीला हजार-दीड हजार मोजायची तयारी आहे. गप्प राहिले तर माझा धंदाच होतो. पण फार्मसी शिकल्यावर गप्प बसवत नाही.

मुळात या सीरममागचं संशोधन खोटं नाही. १९७३ मध्ये लॉरेन पिकार्ट यांनी माणसाच्या रक्तद्रवात तीन अमिनो आम्लांची एक छोटी साखळी दाखवून दिली. ती तांब्याला धरून ठेवते; हीच जोडी, म्हणजे ‘कॉपर पेप्टाइड’, या सीरममध्ये असते. सीरमचा निळा रंग या तांब्याचाच, मोरचुदाला असतो तसा. पुढे १९८८ मध्ये फ्रेंच संशोधकांना काचपात्रात वाढवलेल्या त्वचेच्या पेशी तिच्यामुळे जास्त कोलॅजन बनवताना दिसल्या. मेंकेस या जन्मजात आजारात शरीराला तांबं नीट वापरता येत नाही, त्या बाळांचे केस पिळलेले, ठिसूळ असतात. म्हणजे तांब्याचा केसांशी संबंध आहे. (म्हणून तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याने टक्कल जातं असं नाही!)

घोडं अडतं ते पुढे. केसांचं मूळ काचपात्रात वाढलं, तरी डोक्याच्या कातडीतून पाण्यात विरघळणारा हा रेणू आत किती उतरतो, हा प्रश्न उरतोच. मिनॉक्सिडिल या केसांच्या औषधाने माणसांवरच्या मोठ्या चाचण्या दिल्या, तेव्हा १९८८ मध्ये अमेरिकेत पुरुषांच्या टकलावर त्याला मान्यता मिळाली. हे सीरम सौंदर्यप्रसाधन म्हणून विकलं जातं. त्याला ती परीक्षाच नाही.

आता खोकं उलटं करून बघा. पुढे ‘कॉपर पेप्टाइड’ ठसठशीत. मागच्या बारीक यादीत मात्र ते सुगंधाच्या शेजारी. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक कुठल्याही क्रमाने लिहायची मुभा असते, त्यामुळे नेमकं किती घातलंय ते कळायला मार्ग नाही. भाव मात्र औषधाच्या वरचढ.

चेहऱ्याला हौस म्हणून लावायचं तर लावा, पण प्रमाण छापलेलीच बाटली घ्या. केस गळत असतील तर आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. आणि ऑनलाइन मागवलेली कॉपर पेप्टाइडची पावडर कुणी इंजेक्शनने टोचून घेत असेल, तर ते आजच थांबवा.