मुलांच्या हाती कॅमेऱ्याचं हँडल द्या

कोल्हापुरात सिनेमाचं भव्य संग्रहालय व्हावं, असं आपण बरीच वर्षं नुसतं बोलतो आहोत. माझी मागणी लहान आहे. शाहूपुरी परिसरातल्या एखाद्या महापालिका शाळेतले दोन रिकामे वर्ग घ्या आणि मुलांना सिनेमाचा इतिहास हाताने करून शिकू द्या.

१. दाखवायला मूकपटांच्या काळातले चित्रपट फारसे उरलेलेच नाहीत. बाबूराव पेंटरांची ‘सैरंध्री’ (१९२०) गेली, ‘सावकारी पाश’ची १९२५ ची मूकावृत्ती गेली. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या मूकपटांचे काही तुकडे तेवढे शिल्लक आहेत. ‘प्रभात’ फिल्म कंपनी १९२९ मध्ये इथेच सुरू झाली, ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) इथेच तयार झाला आणि १९३३ मध्ये कंपनी पुण्याला गेली. मग मुलांपुढे ठेवणार काय? भिंतीवर फोटो आणि खाली जन्म-मृत्यूच्या तारखा? अशा दालनातून मुलं पाच मिनिटांत बाहेर येतात आणि भेळेची गाडी शोधतात.

२. चित्रपट गेले तरी ते करण्याची रीत जिवंत करता येते. इथला सिनेमा नाटकांचे पडदे रंगवणाऱ्यांनी आणि यंत्रं खोलून बघणाऱ्यांनी उभा केला. बाबूरावांचे जोडीदार आनंदराव पेंटर १९१६ मध्ये वारले. त्यांचं अपुरं राहिलेलं कॅमेऱ्याचं काम बाबूरावांनी सहकारी दामल्यांना हाताशी धरून पुरं केलं. पहिल्या वर्गात तशाच हाताने फिरवायच्या कॅमेऱ्याची पेटी असावी. हँडलच्या एका फेऱ्यात आठ चौकटी, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सोळा चौकटी : हे वहीत लिहून काही कळत नाही. मुलीनं हँडल घाईनं फिरवलं की पडद्यावरचा पैलवान संथ चालायला लागतो, तिचा हात रेंगाळला की तोच तुरुतुरु पळतो. हे एकदा दिसलं की विसरत नाही. आत खरी फिल्म नसली तरी चालेल; फेऱ्यामागे आठ छायाचित्रं टिपणारा डिजिटल कॅमेरा पेटीत बसवता येतो. खरी कॉर्नरला आपण कॅमेऱ्याचं स्मारक केलं, पण त्याचं हँडल कोणाला फिरवता येत नाही.

३. दुसऱ्या वर्गात कात्री असावी. ‘सैरंध्री’तला कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरनं तो कापायला लावला. मुलांना एका प्रसंगाचे तुकडे द्या, जोडायला सांगा, मग त्यातला एक काढायला लावा. कोणता काढायचा यावर भांडणं होतील, होऊ द्यात. आणि त्याच वर्गाच्या भिंतीवर महाराष्ट्र फिल्म कंपनीला भांडवल देणाऱ्या तानीबाई कागलकर आणि पडद्यावर उभं राहायचं धाडस करणाऱ्या गुलाबबाई यांची नावं बाबूरावांच्या नावाएवढ्याच अक्षरांत हवीत.

४. शाहूपुरीच का? रेल्वे स्टेशन आणि एस.टी. स्टँड जवळ, त्यामुळे गडहिंग्लज-गारगोटीची सहल उतरली की चालत येईल. व्हीनस टॉकीजचं नाव इथल्या कॉर्नरला चिकटलेलं आहेच. शिवाय लेथ-कारखान्यांचं उद्यमनगर हाकेच्या अंतरावर आहे.

५. हा उद्यमनगरचा मुद्दा महत्त्वाचा. मुंबईत गुलशन महालातलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय २०१९ मध्ये खुलं झालं, ते जरूर पाहावं. पण त्याची नक्कल करायला जाऊ नये. टचस्क्रीन तर नकोच. ती मुलांच्या हातात दिवसभर असते, आणि बंद पडली की कंत्राटदाराचा माणूस येईपर्यंत तिच्यावर कापड टाकलेलं असतं. लेथवर केलेलं चाक मोडलं तर उद्यमनगरात दुपारपर्यंत नवं मिळतं. बाबूरावांचा कॅमेरा याच वृत्तीतून झाला, हे मुलांना न सांगताही कळेल.

६. ‘आधी जयप्रभा स्टुडिओचं बघा’ असं कोणी म्हणेल. त्या जागेसाठी २०२२ मध्ये आंदोलन झालं, ते योग्यच होतं. पण जागेचा वाद मिटेपर्यंत मुलांनी का थांबायचं? आज पाचवीत असलेली पोरं तोवर कॉलेजात जातील.

७. शिकवणार कोण? एकपडदा थिएटरांतले जुने ऑपरेटर. प्रोजेक्टरमधले कार्बन पेटवणं, एका मशीनवरचं रीळ संपत आलं की प्रेक्षकाला पत्ता लागू न देता दुसरं मशीन सुरू करणं, तुटलेली फिल्म अंधारात चिकटवणं हे त्यांच्या हातात आहे. ही माणसं आता वयस्कर झाली आहेत. महापालिकेनं मानधनाची तरतूद याच अंदाजपत्रकात करावी. आणि ज्यांच्या माळ्यावर जुनी रिळं, फिल्म जोडायचे स्प्लायसर, चित्रपटांच्या पुस्तिका पडून आहेत, त्यांनी ते सगळं दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याला देऊ नये.