वाचून कुणी वाचत नाही, तरीही

'वाचाल तर वाचाल' हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेच्या भिंतीवर पाहिलेलं असेल. आमच्या शाळेत ते ग्रंथालयाच्या दारावर रंगवलेलं होतं आणि ते दार बहुतेक वेळा कुलूपबंद असे. रविवारी मंडळीत गेलं की पाळकसाहेब नेमकं उलट सांगत. माणसाने कितीही पोथ्या पालथ्या घातल्या तरी तारण होतं ते देवाच्या कृपेने. थोडक्यात, वाचून कुणी वाचत नाही. ख्रिस्ती घरातल्या आळशी मुलाला याहून सोयीचं काय हवं? पस्तिशी उलटेपर्यंत मी विश्वासाविषयीचं एकही पुस्तक धड वाचलं नव्हतं. पवित्र शास्त्रसुद्धा उपासनेत कानावर पडेल तेवढंच.

पाळकसाहेबांचं म्हणणं मला आजही मान्य आहे. चुकलं ते माझं गणित. कृपेने होतो तो जन्म. जन्मलेल्या जीवाला पुढे वाढावंही लागतं, आणि वाढीला रोजचा घास लागतो. विश्वासाला तो घास पुस्तकांतून मिळतो, असं माझं म्हणणं आहे. इथे इंग्लंडात, आपल्या माणसांपासून दूर राहणाऱ्यांना तर त्याची जास्तच गरज आहे.

पुरावा म्हणून मी पंडिता रमाबाईंचं नाव घेतो. आपल्यातल्या अनेकांना त्या समाजसुधारक म्हणून माहीत आहेत. वाचक म्हणून त्यांच्याकडे फारसं कुणी पाहत नाही. १८८० नंतर त्या पती बिपिनबिहारी मेधावी यांच्यासह आसामात सिल्चरला राहत होत्या. तिथे घरच्याच पुस्तकांत त्यांना एक छोटी पुस्तिका सापडली. लूकचं शुभवर्तमान होतं ते, तेही बंगालीत. ती तिथे कशी आली, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी ती वाचली, आवडली, पुढे एका मिशनऱ्याकडून आणखी समजून घेतलं. १८८२ मध्ये पती गेले. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला आल्या, वॉन्टेज इथल्या भगिनींच्या मठात राहिल्या आणि त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

बहुतेक जण गोष्ट इथेच थांबवतात. माझ्या मते ती इथून पुढे सुरू होते. बाप्तिस्मा झाला तरी रमाबाईंचे प्रश्न थांबले नाहीत. वॉन्टेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार पाहिला तर ही नवी ख्रिस्ती बाई त्रैक्याच्या सिद्धान्तापासून चर्चच्या अधिकारापर्यंत प्रत्येक गोष्ट तपासून घेताना दिसते. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं कशासाठी, माझ्या लोकांना ती कळणार आहेत का, संस्कृत का नको, इथपर्यंत त्यांनी वाद घातला. स्वतः शास्त्र वाचणारी बाई दुसऱ्याने वाचून काढलेला अर्थ निमूट स्वीकारत नाही. सिस्टरना याचा त्रास झाला. पण जो विश्वास प्रश्न विचारू देत नाही तो उसनाच राहतो, हे मला त्या पत्रांनी शिकवलं.

पुढे त्या अमेरिकेला गेल्या, परतल्या, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, ते नंतर पुण्याला नेलं. बाप्तिस्म्याला आठेक वर्षं झाली होती. तरी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, ख्रिस्त अजून सापडलेला नाही, अशी कबुली त्यांनी आपल्या साक्षीत नंतर दिली आहे. ही उणीव त्यांच्या ध्यानात आली तीसुद्धा एक पुस्तक वाचताना. विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्लिश धर्मगुरूचं ते आत्मकथन. वर्षानुवर्षं व्यासपीठावरून उपदेश करणाऱ्या या गृहस्थाचा स्वतःचा विश्वास पोकळ होता, तो कसा भरला, याची ती हकिकत. ती वाचता वाचता रमाबाईंना स्वतःचं चित्र दिसलं. समोर बसून कुणी पाळक त्यांना 'बाई, तुमच्यात अमुक कमी आहे' असं म्हणाला असता, तर त्या त्याच्याशी वाद घालत्या आणि जिंकत्या. पुस्तकाशी वाद घालून झाला तरी ते तिथेच राहतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडता येतं.

वाचनाचं खरं बळ इथे आहे. हल्ली आपल्याला उपदेशांची वाण नाही. सकाळी गाडी चालवताना, संध्याकाळी भांडी घासताना फोनवर जगातला कुठलाही उपदेशक ऐकता येतो. मीही ऐकतो. पण ऐकताना गती त्याची असते, थांबायचं कुठे हे तो ठरवतो आणि त्यानंतर कुणाचं ऐकायचं हे फोन ठरवतो. वाचताना एखाद्या ओळीवर मी आठवडाभर अडकू शकतो. समासात 'हे पटलं नाही' असं लिहू शकतो. दोन वर्षांनी तेच पान उघडून स्वतःच्याच शेऱ्यावर हसू शकतो. विश्वास वाढला की नाही, हे मोजायला माझ्याकडे त्या शेऱ्यांखेरीज दुसरी पट्टी नाही.

दुसरा मुद्दा भाषेचा. आपण इथे इंग्रजी चर्चमध्ये जातो, इंग्रजी गीतं गातो, आणि त्यात वावगं काही नाही. पण मध्यरात्री गावाकडून फोन आला की तोंडून येणारी प्रार्थना मराठीत येते. विश्वासाची भाषा आणि दुखण्याची भाषा वेगळ्या पडल्या की माणूस आतून दुभंगतो. रमाबाईंना हे पक्कं ठाऊक होतं. उपलब्ध मराठी भाषांतरं संस्कृतच्या ओझ्याने वाकलेली आहेत, आपण केडगावला काढलेल्या मुक्ती मिशनमधल्या बायकांना ती कळणार नाहीत, म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणायला घेतलं. आयुष्याची शेवटची बरीच वर्षं त्यात गेली. दरम्यान १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. एप्रिल १९२२ मध्ये त्या स्वतः गेल्या. ग्रंथ प्रसिद्ध झाला १९२४ मध्ये, मुक्तीच्याच छापखान्यातून, जिथे तिथल्याच मुलीबाया काम करत. ज्यांना अक्षरओळख होऊ देणंही समाजाला नको होतं, त्यांच्या हातून देवाचं वचन छापून निघालं.

रमाबाईंच्या उलट दिशेने, इंग्लंडातून तिकडे गेलेला एक माणूसही आहे. इंग्लंडातल्या विल्टशरचा थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्याला पोचला, तिथली भाषा शिकला आणि १६१६ मध्ये त्याचं मराठी 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्यांचं. का लिहिलं, तेही त्याच ग्रंथात आलं आहे. आमची जुनी पुराणं वाचू नका म्हणता, मग त्यांच्या जागी वाचायला दुसरं काय देता, असा प्रश्न तिथल्या नवख्रिस्ती लोकांनी विचारला. मला तो प्रश्न फार मोलाचा वाटतो. नियम पाळून विश्वास टिकेल, वाढायला मात्र पुराण लागेल, हे त्या लोकांना कळलं होतं. त्या काळी छापलेली एकही प्रत आज शिल्लक नाही. लोकांनी हाताने नकलून ग्रंथ जगवला. देवनागरीतली एक हस्तलिखित प्रत इथे लंडनमध्ये, सोआसच्या मार्सडेन संग्रहात आहे.

आता आक्षेप. पहिला माझ्याच घरातला. माझ्या आजीला वाचता येत नव्हतं, आणि तिच्याइतका भक्कम विश्वास मी अजून पाहिलेला नाही. मग? आजी चुलीपाशी बसून 'उपासना संगीत'मधली टिळकांची पदं एकामागून एक म्हणायची. रेव्हरंड टिळकांनी ती लिहिली, कुणीतरी छापली, कुणीतरी तिला वाचून दाखवली. आजी कानाने वाचत होती. तिला पुस्तकाची गरज नव्हती असं नाही. तिने पुस्तक गिळलं होतं, इतकंच.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. वाचनाने माणूस ताठतो. चार पुस्तकं वाचलेला विश्वासू भाऊ भक्तिसभेत सगळ्यांची परीक्षा घ्यायला लागतो, हे आपण पाहिलेलं आहे. म्हणूनच मी फक्त सिद्धान्ताची पुस्तकं वाचा म्हणणार नाही. याच रेव्हरंड टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांचं 'स्मृतिचित्रे' हे आत्मकथन वाचा. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून संसार मोडलेली, तरी त्याच्यामागे आंधळेपणाने न जाता आपल्या पायांनी, आपल्या वेळेला त्या वाटेवर आलेली ही बाई. तिच्या मनातली जातीची, सोवळ्याची भिंत आधी पडली, बाप्तिस्मा मागाहून झाला. आणि हे सगळं ती स्वतःला हसत सांगते. ते पुस्तक वाचून कुणी ताठल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

म्हणून इथल्या आपल्या मराठी मंडळापुढे एक सूचना. महिन्यातून एका रविवारी दुपारी दोन तास, चहासह, 'स्मृतिचित्रे' मोठ्याने वाचू या. ख्रिस्ती असो वा नसो, ज्याला यायचं त्याने यावं. हे पुस्तक सगळ्या मराठी माणसांचं आहे. ज्या मुलांना देवनागरी जड जाते त्यांनी माझ्या आजीसारखं कानाने वाचावं.

मोठ्याने वाचण्याचा आग्रह मी उगाच धरत नाही. प्रेषितांच्या कृत्यांत एक कूशी अधिकारी आहे. यरुशलेमहून परत जाताना रथात बसून यशया वाचतोय, आणि अर्थ लागत नाही. तो मोठ्याने वाचत होता, म्हणूनच रस्त्याने चाललेल्या फिलिप्पाच्या ते कानी पडलं, आणि तो धावत जाऊन शेजारी बसला. मनात वाचला असता, तर रथ तसाच पुढे गेला असता.