ट्रान्स्क्रिप्शन सुटले, आता पुढे काय?



या महिन्याच्या टपालात मिरजेहून आलेले एक पत्र मी दोनदा वाचले. नाव छापू नका असे बहिणीने लिहिले आहे, म्हणून छापत नाही. पण घरी बसून संगणकावर काम करणाऱ्या बऱ्याच भगिनींना त्यात आपली गोष्ट दिसेल, म्हणून यावेळचे पान याच पत्राला देत आहे. त्या लिहितात :

“आपा, माझे वय ३७. बारावी कॉमर्सची, पुढे बी.कॉम. लग्नाआधी पुण्यात मेडिकल ट्रान्स्क्रिप्शनचा कोर्स केला आणि तेरा वर्षे घरूनच काम करते आहे. अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून जे बोलतात, ते ऐकून रिपोर्ट टाइप करायचा. पूर्वी महिन्याला अठरा-वीस हजार पडत. आता आधी मशीनच टाइप करते, मी फक्त दुरुस्त करते, आणि ओळीचा दर निम्म्यावर आला. गेले दोन महिने आठ हजारांच्या वर गेले नाहीत. दोन मुले शाळेत आहेत. यांच्या गॅरेजचे उत्पन्न कधी बरे, कधी नाही. एका क्लासवाल्याने मेडिकल कोडिंगची सत्तर हजार फी सांगितली आहे, नोकरीची हमी देतो म्हणतो. बांगड्या मोडून भरू का? सासूअम्मी म्हणतात, घरातून होत होते तोवर ठीक, आता बाहेर जाऊन कशाला? आणि खरे सांगू, मला टायपिंगशिवाय काही येतही नाही.”

बहिणी, पत्रातले शेवटचे वाक्य आधी खोडून टाका. मीही नऊ वर्षे कानाला हेडफोन लावून, पायाने पेडल दाबत हेच काम केले आहे. म्हणून तुम्हाला काय येते ते मला ठाऊक आहे.

सेलेब्रेक्स, सेलेक्सा आणि सेरेबिक्स ही तीन औषधे घाईने बोलणाऱ्या डॉक्टरच्या तोंडी जवळजवळ सारखीच ऐकू येतात. पहिले सांधेदुखीचे, दुसरे नैराश्याचे, तिसरे झटक्यांचे. पेशंटला काय झाले आहे हे लक्षात ठेवूनच तुम्ही योग्य नाव लिहिता. इलियम म्हणजे लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि इलियम म्हणजे कमरेचे हाडही. उच्चार एक, स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक. डाव्या गुडघ्याचे ऑपरेशन चालू असताना मध्येच ‘उजवा’ असा शब्द आला, तर तुम्ही थांबता आणि खूण करून वर विचारता. याला टायपिंग म्हणत नाहीत. रुग्णाचा कागद समजून वाचणे आणि त्यातली चूक पकडणे हे तुमचे खरे कसब आहे. नवे काम निवडताना ते जिथे उपयोगी पडेल, तिथेच आधी पाहायचे.

दर उतरला तो तुमच्या हातून काही चुकले म्हणून नाही, हेही समजून घ्या. अमेरिकेत २००९ साली कायदा झाला आणि रुग्णांच्या नोंदी संगणकावर ठेवणाऱ्या डॉक्टरांना सरकारी पैसे मिळू लागले. बरेच डॉक्टर स्वतःच तयार नमुन्यांत माहिती भरू लागले. मग बोललेले ऐकून लिहिणारी यंत्रे सुधारली. या धंद्यातली मोठी कंपनी न्युआन्स २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेली. आता डॉक्टर आणि पेशंट यांचे बोलणे ऐकून आपणच टिपण तयार करणारी यंत्रे तपासणीच्या खोलीत पोहोचली आहेत. तेव्हा दर पुन्हा चढेल म्हणून वाट पाहत बसू नका. मात्र दुसरे काम हाती येईपर्यंत हे सोडूही नका. आठ हजार आज तुमच्या घराला हवे आहेत.

आता दारे पाहू. बंद असलेली आधी सांगते, म्हणजे कोणी तिथे पैसे उकळणार नाही.

डी.फार्म. आणि डी.एम.एल.टी., म्हणजे औषधनिर्माण आणि पॅथॉलॉजी लॅबचे शिक्षण, यांना बारावी सायन्स लागते. नर्सिंगच्या जी.एन.एम.ला इतर शाखांची बारावी चालते, पण वयाची मर्यादा ३५ आहे. तुमची बारावी कॉमर्सची आणि वय ३७. ‘ॲडजस्ट करून देतो’ असे कोणी म्हटले तर उठून या. जिथे रुग्णाला हात लावायचा किंवा औषध द्यायचे, तिथे कौन्सिलची नोंदणी लागते आणि ती खोट्या कागदावर टिकत नाही. घरात बारावी झालेली नणंद किंवा पुतणी असेल तर तिला मात्र ही दारे जरूर दाखवा.

तुमच्यासाठी उघडी दारे तीन.

पहिले मेडिकल कोडिंग. ट्रान्स्क्रिप्शनवाल्या भगिनींना सगळे तेच सुचवतात आणि त्यात तथ्य आहे. डॉक्टरचा रिपोर्ट वाचायचा आणि आजाराला, उपचाराला ठरलेला कोड द्यायचा. त्यावर अमेरिकेतले विम्याचे बिल ठरते. १ ऑक्टोबर २०१५ पासून तिथे आजारांसाठी आय.सी.डी.-१० चे जे रूप चालते, त्यात सत्तर हजारांच्या आसपास कोड आहेत. मनगटाचे हाड मोडले एवढे पुरत नाही. कोणत्या हाताचे, जखम उघडी की बंद, उपचार पहिलाच की नंतरचा, यावर कोड बदलतो. रिपोर्ट वाचायची तुमची सवय इथे थेट कामी येते.

पण दुसरी बाजूही ऐका. या कामाची सी.पी.सी. नावाची परीक्षा आहे : १०० प्रश्न, चार तास, कोडची पुस्तके उघडून सोडवायची, पास व्हायला ७० टक्के. परीक्षेला सायन्सची अट नाही. नोकरी देणाऱ्या कंपन्या मात्र पुष्कळदा सायन्स, फार्मसी किंवा नर्सिंगचे पदवीधर मागतात, आणि नव्याने पास झालेल्याच्या प्रमाणपत्रावर अनुभव पुरा होईपर्यंत ‘अप्रेंटिस’ अशी खूण राहते. काम मुख्यतः चेन्नई, हैदराबाद, बंगळूर, पुणे, मुंबई इथे. नवख्या माणसाला पहिल्या दिवसापासून घरून काम क्वचितच मिळते. शिवाय साधे-सोपे रिपोर्ट इथेही आता यंत्र कोड करू लागले आहे. माणूस लागतो तो अवघड रिपोर्टला आणि तपासणीला. म्हणून कोडिंग शिकायचे तर ऑडिटपर्यंत जाण्याच्या तयारीनेच शिका.

दुसरे दार तुमच्या गावातच आहे : हॉस्पिटलचा रेकॉर्ड विभाग. ट्रान्स्क्रिप्शन सोडल्यावर मी याच दाराने आत गेले. पेशंट घरी गेला की त्याची फाइल इथे येते. डॉक्टरची सही राहिली का, ऑपरेशनची नोंद आहे का, संमतिपत्र लागले का, डिस्चार्ज कार्डावरचे निदान आणि आतल्या नोंदी जुळतात का, हे बघायचे. पोलीस केसच्या फाइली वेगळ्या जपायच्या. जन्म-मृत्यूची माहिती २१ दिवसांच्या आत नोंदणीला गेली पाहिजे. नातेवाइकांनी कागद मागितले तर ७२ तासांत द्यावे, आणि दाखल रुग्णाचे कागद किमान तीन वर्षे जपावे, असा डॉक्टरांसाठी नियमच आहे. माझ्या पहिल्याच आठवड्यात एका मृत्यूच्या दाखल्यावर कारण म्हणून फक्त ‘हृदय बंद पडले’ असे लिहून आले होते. हृदय तर प्रत्येकाचेच बंद पडते. ते कशाने पडले ते कारण लिहायचे असते. मी भीत भीत डॉक्टरांकडे परत नेले. त्यांनी फाइल पाहिली आणि दुरुस्त करून दिले. त्या दिवशी मला वाटले, नऊ वर्षांचे ऐकणे फुकट गेले नाही.

पगार सुरुवातीला कमीच असतो, हे लपवत नाही. आणि २०२१ च्या केंद्रीय कायद्याने आरोग्य नोंदींचे काम करणाऱ्यांनाही आरोग्य व्यावसायिकांच्या यादीत घेतले आहे. त्या कायद्याप्रमाणे निदान दोन वर्षांचा, २००० तासांचा मान्य डिप्लोमा लागतो. तेव्हा नोकरीत स्थिरावल्यावर त्याचा विचार करावा लागेल, आणि प्रवेश घेण्यापूर्वी तो डिप्लोमा मान्य आहे का हे लेखी विचारावे लागेल.

तिसरे दार म्हणजे हॉस्पिटलचा विमा कक्ष, ज्याला लोक कॅशलेसची खिडकी म्हणतात. पेशंट दाखल झाला की विमा कंपनीकडे मंजुरी मागायची, कागद पाठवायचे, शंका आली तर उत्तर द्यायचे. २०२४ पासून विमा नियामकाचा आदेश आहे की कॅशलेसच्या पहिल्या मागणीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत कंपनीने निर्णय द्यावा. पण कागद अपुरा गेला की शंका निघते, आणि तोवर नातेवाईक सामान बांधून व्हरांड्यात बसून राहतात. डॉक्टरचे टिपण वाचून त्यात काय राहिले आहे ते आधीच सांगणारी व्यक्ती या खिडकीवर फार मोलाची असते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत असलेल्या हॉस्पिटलांत आरोग्यमित्र असतात. गरीब रुग्णाला रेशनकार्डापासून मंजुरीपर्यंत वाट दाखवणे हे त्यांचे काम. तुम्ही पदवीधर आहात. अशी जागा निघाली तर अर्ज करा.

माझे मत विचाराल तर तुम्ही तिसऱ्या दारापासून सुरुवात करा, दुसरे जवळ ठेवा, आणि कोडिंग रात्री थोडे थोडे शिका. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात राहता, ही तुमची मोठी सोय आहे. विमा कक्षात समोर घाबरलेला माणूस असतो, आतून डॉक्टर असतो, फोनवर कंपनी असते. तिघांची भाषा समजून मधे उभे राहायचे काम यंत्राकडे लवकर जाणार नाही.

आता सत्तर हजारांचे. बांगड्या मोडू नका. असल्याच एका क्लासच्या ‘हमी’वर मी स्वतः पैसे घालवले आहेत. हमी म्हणजे तीन कंपन्यांच्या मुलाखतींना बसवणे एवढेच होते, आणि तिन्ही ठिकाणी सायन्सची पदवी मागितली. कोणत्याही क्लासला चार गोष्टी विचारा : हमी लेखी आहे का, नोकरी न मिळाल्यास फी परत आहे का, गेल्या तुकडीतल्या कॉमर्सच्या दोन मुलींशी बोलू द्याल का, आणि परीक्षेची फी यात धरली आहे का. उत्तराला टाळाटाळ झाली की समजून घ्या. हप्त्याने फी म्हणून कर्जाचा कागद पुढे केला, तर सही न करता घरी आणून वाचा.

अर्जाबरोबर कामाचा नमुना म्हणून जुना रिपोर्ट मात्र कधीही दाखवू नका. तो कुणा पेशंटचा आहे, आणि तिथला गोपनीयतेचा कायदा कडक आहे. कायदा नसता तरी ती अमानतच आहे. त्याऐवजी मनाने एक पेशंट रचून स्वच्छ डिस्चार्ज समरी लिहा आणि ती न्या. बायोडाटामध्ये ‘टायपिस्ट’ लिहू नका. किती वर्षे, कोणत्या शाखांचे रिपोर्ट – हाडांचे, हृदयाचे, पोटाचे – आणि तुमची अचूकता किती होती, ते लिहा.

राहिल्या सासूअम्मी. त्यांच्या बोलण्यात विरोधापेक्षा काळजी जास्त दिसते. तेरा वर्षे त्यांनी तुम्हाला घरात, डोळ्यांसमोर पाहिले आहे. तुम्ही बाहेर पडलात तर मुले शाळेतून आल्यावर जेवण कोण वाढेल, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहणार, आणि तो खरा आहे. तेव्हा परवानगी मागायला जाऊ नका आणि भांडायलाही जाऊ नका. एका कागदावर घरखर्च, मुलांची फी, तुमची आजची कमाई आणि सहा महिन्यांनी ती किती उरेल हे मांडा. यांना आणि त्यांना एकत्र बसवून दाखवा. फक्त दिवसाची पाळी, रिक्षाने इतक्या मिनिटांचे अंतर, सुट्टी कधी, हे सगळे माहीत करूनच बोला. जमल्यास एकदा सासूअम्मींनाच तपासणीच्या निमित्ताने त्या हॉस्पिटलात घेऊन जा. खिडकीवर बसलेल्या बायका त्या स्वतः पाहतील.

येत्या पंधरा दिवसांत एवढेच करा : जवळच्या तीन हॉस्पिटलांच्या रेकॉर्ड विभागात आणि विमा कक्षात जाऊन जागा आहे का, शिकाऊ म्हणून घ्याल का, हे विचारा. तिसऱ्या ठिकाणीही नाही म्हटले तर चौथ्या ठिकाणी जा. आणि काय झाले ते मला कळवा. तुमचे पुढचे पत्र, तुमची इजाजत असेल तर, याच पानावर छापीन, इन्शाअल्लाह.

तुमची आपा