परमुलखाची वाट आणि लालबागचा धडा



जिल्ह्याच्या बैठकीआधी गावोगाव सभा होतात. कापसाचा भाव, ज्वारीची खरेदी, विजेचे बिल, बँकेची नोटीस हे विषय ठरलेले असतात. सभा उठली की मात्र कोणीतरी बाजूला घेऊन वेगळेच विचारतो, "पोरगा सुरतेला जातो म्हणते. साडू हैदराबादला हाय, तोही बोलावते. जाऊ द्यावं का?" हा प्रश्न आता एका घराचा राहिलेला नाही. म्हणून या वेळी अग्रलेखाला तोच घेतला आहे.

'जा' किंवा 'जाऊ नको' असे एका शब्दाचे उत्तर आमच्यापाशी नाही. पण हा रस्ता आपल्याआधी लाखो शेतकऱ्यांची पोरे चालून गेली आहेत. ती कुठे पोचली आणि पुढे त्यांचे काय झाले, ते मुंबईच्या लालबाग-परळात आजही दिसते. आधी तिकडे जाऊन येऊ.

मुंबईतली पहिली कापडगिरणी 1854 साली कावसजी दावर यांनी ताडदेवला काढली. पुढे 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला मागणी आली. कापूस बंदरावर न्यायला रेल्वे आली, 1870 साली खामगावला फाटा टाकला. आपला कापूस मुंबईला गेला, आणि मुंबईत गिरण्या वाढत गेल्या. परळ, लालबाग, दादर, लोअर परळ, शिवडी हा सगळा पट्टा गिरणगाव झाला. म्हणजे गिरणगावाच्या पायात आपल्या पऱ्हाटीची बोंडे आहेत.

त्या गिरण्यांत राबली कोण? रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, सांगली, कोल्हापूरकडची कुणब्या-मराठ्यांची, दलितांची, बलुतेदारांची पोरे. त्यांच्याबरोबर उत्तर प्रदेशातून आलेले भय्ये आणि तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकरही होते. आपल्याकडून कापूस गेला, माणसे त्या मानाने थोडी गेली. आणि एक गोष्ट आपण विसरतो. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता, विदर्भ मध्य प्रदेशात होता. परभणीचा किंवा यवतमाळचा जो कोणी त्याआधी मुंबईच्या गिरणीत लागला, तो कागदावर परराज्यातच गेला होता. राज्याच्या सीमा सरकार आखते आणि सरकारच पुसते. पोट त्याआधीपासून चालत आले आहे.

ही माणसे हौसेने गेली नव्हती. जमिनीचे तुकडे पडले होते, सावकाराचे कर्ज होते, पाऊस बेभरवशाचा होता. गिरणीत महिन्याच्या महिन्याला पगार मिळत होता. तो मनीऑर्डरने गावी जाई आणि त्यातून बैल, बियाणे, सारा, बहिणीचे लग्न निघे. त्या काळी शेतीच्या तोट्याची भरपाई परळच्या साचेखात्यातून होत होती, हे सरळ सांगितले पाहिजे.

गेलेल्यांनी तिथे काय उभे केले तेही पाहण्यासारखे आहे. एका गावची पंधरा-वीस माणसे मिळून चाळीत एक खोली घेत, तिला गावकरी मंडळाची खोली म्हणत. एक पाळी कामावर गेली की दुसरी त्याच जागेवर अंग टाकी. नवीन पोरगा आला की त्याची वळकटी आधी तिथे पडे, मग कोणाच्या तरी ओळखीने तो बदली कामगार म्हणून गेटवर उभा राहायला लागे. जेवण खानावळीत. ह्या खानावळी चालवणाऱ्या बायाही बहुतेक गावाकडच्याच. सावकाराच्या व्याजात त्या बुडत होत्या, म्हणून प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि बँकेचे कर्ज त्यांच्या हाती दिले. परमुलखात माणूस टिकतो तो असा, चार जणांनी एकत्र धरलेल्या खोलीच्या आणि ताटाच्या आधाराने.

आता पुढचा भाग. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. साठाच्या आसपास गिरण्या, अडीच लाखांच्या घरात कामगार. मागणी पगारवाढीची होती, बदली कामगारांना कायम करण्याची होती, आणि 1946 च्या ज्या कायद्याने एकाच मान्यताप्राप्त युनियनला बोलणी करण्याचा मक्ता दिला होता तो कायदा हटवण्याची होती. संप दीड वर्ष चालला. तो मागे घेतल्याचे कोणी कधी जाहीर केले नाही, तरीही तो संपला. हजारो कामगार गावी परतले. ज्याच्या घरी चार पायली धान्य पिकत होते तो काही महिने तग धरू शकला. ज्याची शेती आधीच मोडली होती तो मुंबईतही उपाशी आणि गावातही उपाशी राहिला.

गिरणीमालक मात्र उपाशी राहिला नाही. कापडाचे काम भिवंडी-मालेगावच्या मागांवर आणि सुरतेला गेले. सुताचा मोठा धंदा तामिळनाडूत आणि गुजरातेत वाढला. मुंबईत उरली सहाशे एकर जमीन. 1991 च्या नियमाने तिचा एक तृतीयांश हिस्सा शहराच्या मोकळ्या जागेला आणि एक तृतीयांश घरांना मिळायचा होता. 2001 साली नियमात बदल करून, इमारती उभ्या नसलेल्या जमिनीपुरतीच ही वाटणी ठेवली. 2006 साली सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल उचलून धरला. जिथे भोंगा वाजत होता तिथे मॉल आले. कामगारांसाठी 2012 साली 6,925 घरांची सोडत निघाली, अर्ज लाखाच्या वर होते. आता उरलेल्यांना मुंबईबाहेर शेलू-वांगणीची वाट दाखवली जाते.

यातला धडा नीट पाहा. भांडवल एका रात्रीत राज्याची सीमा ओलांडते, धंदाही तिच्यामागून जातो. कामगाराला मात्र खोली, शाळा, म्हातारी माणसे, रेशनकार्ड, सगळे उपटून न्यावे लागते. त्याच गिरणगावातल्या कामगारांची नातवंडे आज नोकरीसाठी बंगळूरला आणि हैदराबादला जातात. गिरगावात ऑपेरा हाउसपाशी हिऱ्याचा बाजार होता. तो 2010 च्या सुमारास वांद्र्याला हलला, आणि डिसेंबर 2023 मध्ये सुरतेला त्याहून मोठ्या बाजाराचे उद्घाटन झाले. एकेकाळी सगळा देश जिथे पोट भरायला यायचा, त्या शहराचा माणूसही आता परराज्याची गाडी बघतो आहे.

आता आपल्या शेताकडे येऊ. 1972 पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. शेतकऱ्याने कापूस सरकारलाच विकायचा, राज्याबाहेर न्यायचा नाही. पलीकडे मध्य प्रदेशात किंवा गुजरातेत चार पैसे जास्त मिळत असले तरी बैलगाडी नाक्यावर अडवली जायची. स्वतः पिकवलेल्या मालाची तस्करी केली म्हणून शेतकरी गुन्हेगार ठरायचा. डिसेंबर 1986 मध्ये सुरेगावला कापसाच्या आंदोलनावर गोळ्या चालल्या आणि तीन शेतकरी गेले. 2002 नंतर कुठे खासगी खरेदीला वाट मोकळी झाली. त्या तीस वर्षांत कापसाला सीमा बंद होती, पण कापूस पिकवणाऱ्याच्या पोराला ती कधीच बंद नव्हती. त्याने सुरतेला जाऊन मागावर उभे राहायला कोणत्याच सरकारची हरकत नव्हती. माल अडवायचा, भाव पाडायचा आणि स्वस्त झालेले मनुष्यबळ सोडून द्यायचे, असा हा व्यवहार होता.

व्यवहार अजून बदललेला नाही. 2025-26 साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7,710 रुपये आणि संकरित ज्वारीचा 3,699 रुपये जाहीर झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये परदेशी कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क काढले, आणि ही माफी 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे नेमके आपली वेचणी चालू असताना.

हिशेब सोपा आहे. चार एकर कोरडवाहू, एकरी पाच क्विंटल धरू. वीस क्विंटलचे हमीभावाने 1,54,200 रुपये होतात. त्यातून बियाणे, खत, फवारणी, निंदण, वेचणी, भाडे वजा करा. अर्ध्याहून जास्त गेले तर हाती राहिले सत्तर हजार. हे घरातल्या चार माणसांचे वर्षाचे. पोराला परराज्यात महिना पंधरा हजार मिळाले आणि खोली-जेवणाला आठ हजार गेले असे धरले, तरी वर्षाला 84,000 मागे पडतात. हे आकडे आम्ही नमुन्याला धरले आहेत. तुम्ही तुमचे घाला, उत्तर फारसे वेगळे येणार नाही. तेव्हा शेतकऱ्याची पोरे आळशी झाली, त्यांना शहराची चटक लागली, असे भाषण ठोकणाऱ्यांना एवढेच सांगा की पोराला गणित येते.

म्हणून जाणाऱ्या पोराला अडवू नका. शेतीतून बाहेर पडणे हा गुन्हा नाही. पण जाणे म्हणजे पळणे होऊ नये, यासाठी चार गोष्टी सांगतो.

पहिली. मुकादमाची उचल घेऊन जाऊ नये. उचल घेतलेला माणूस कामगार राहत नाही, तो गहाण पडतो. जागा, पगार, कामाचे तास आधी विचारावेत. तिथे गावचा एखादा माणूस असेल तर त्याच्याशी स्वतः बोलावे.

दुसरी. कागद. पीएफचा बारा आकडी नंबर स्वतःजवळ ठेवावा, कारखाना बदलला तरी तो बदलत नाही. रेशनकार्ड आता दुसऱ्या राज्यातही चालते. पोराने आपल्या वाट्याचे तिथे आणि घरच्यांनी इथे असे धान्य घेता येते. असंघटित कामगाराने ई-श्रमची नोंद करून घ्यावी.

तिसरी, आणि सर्वांत महत्त्वाची. गडी परमुलखात गेला की शेत बाईच्या अंगावर येते. पेरणी तिची, निंदण तिचे, वेचणी तर आधीपासून तिचीच. पण सातबारावर तिचे नाव नाही. मग बँक तिला उभी करत नाही, पीकविम्याला ती चालत नाही. सीसीआयला कापूस द्यायचा तर ॲपवर नोंद लागते आणि तीही सातबारा-आधारवर होते. मालक सुरतेला आणि कापूस घरात, अशी अवस्था होते. शेतकरी चळवळीने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला तेव्हा हजारो भावांनी बायकोच्या नावे जमीन करून दिली होती. ज्या घरातला गडी जातो आहे, त्या घराने तिकिटाआधी तलाठ्याकडे जावे.

चौथी. परमुलखात एकटे राहू नये. उधना-लिंबायतच्या खानदेशी वस्त्यांनी हे दाखवले आहे, परळच्या गावकरी मंडळांनी त्याच्या कितीतरी आधी दाखवले आहे. 8 मे 2020 ची पहाट आठवा. टाळेबंदीत जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यातून मध्य प्रदेशाकडे पायी निघालेले सोळा मजूर करमाडजवळ रुळावर झोपले आणि मालगाडीखाली गेले. परराज्यातून आलेल्या कामगारांसाठी 1979 पासून कायदा होता. त्या रात्री त्यांच्यासोबत ना तो कायदा होता, ना त्यांची नोंद ठेवणारे कोणी. ते आपल्याच मुलखात परके मेले. म्हणून परप्रांतीयांना हाकला म्हणणाऱ्यांच्या मागे आपण जाऊ नये. आपली पोरे उद्या दुसऱ्याच्या गावात परप्रांतीयच आहेत.

जिल्ह्याच्या बैठकीत तीन ठराव यावेत असे आम्हाला वाटते. प्रत्येक शाखेने गावातून परराज्यात गेलेल्यांची वही ठेवावी: नाव, ठिकाण, काम, घरचा फोन. ज्या घरचा गडी बाहेर आहे तिथल्या बाईची सातबारा, विमा आणि कापूस खरेदीची नोंद शाखेने उभे राहून करून द्यावी. आणि वेचणीच्या दिवसांत आयात शुल्क माफ करण्याविरुद्ध आणि भावासाठी जिल्ह्याने आंदोलनाची तारीख ठरवावी.

लालबागच्या कामगाराला गिरणी बंद पडल्यावर गावी परतायचे होते. त्यातल्या कित्येकांना परतण्यासारखी शेती उरली नव्हती, कारण ती तोट्यात चालली तेव्हा कोणी आवाज केला नव्हता. आज बाहेर गेलेले पोरगे पाच वर्षांनी, दहा वर्षांनी, कारखाना हलल्यावर मागे फिरून पाहील. त्या वेळी इथले चार एकर त्याला जगवू शकतील का, हे आपण या हंगामात भावासाठी काय करतो त्यावर ठरणार आहे. बैठकीला या. येताना गेलेल्यांची नावे लिहून आणा.